वारा सुटायच्या आत: क्राउली लेकवर कयाकमधून फ्लाय-फिशिंगचा एक दिवस

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पूर्व अंगाने जाणाऱ्या हायवे ३९५ वर बिशपकडून मॅमथकडे चढत निघालं, की उजव्या हाताला एक मोठं, बोडकं पाणी दिसतं. काठाला झाड नाही. सेजब्रशची करडी झुडपं आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ. हे क्राउली लेक. नावात लेक असलं तरी ते धरणाचं पाणी आहे. लॉस एंजेलिस शहराच्या पाणी-वीज खात्याने ओवेन्स नदी अडवून १९४१ मध्ये धरण पुरं केलं आणि या खोऱ्यातल्या लोकांसाठी झटलेल्या, १९४० मध्ये मोटार अपघातात गेलेल्या फादर जॉन क्राउली यांचं नाव त्याला दिलं. उंची साधारण ६,७८० फूट, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जवळपास चौदाशे फूट वर.

इथे रेनबो आणि ब्राउन ट्राउट हे मासे भरपूर आहेत, आणि चांगले पोसलेले आहेत. कारण पाणी उथळ, तळ गाळाचा, आणि त्या गाळात खाणं मुबलक. पण मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून सहा तास गाडी हाकत इथे फ्लाय-फिशिंगला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरायला येतो, तेव्हा माशांचा विचार नंतर करतो. क्राउलीवरचा दिवस वाऱ्याच्या घड्याळावर लावायचा असतो. ज्यांना हे पटत नाही त्यांना पहिल्याच दुपारी पटतं. मला पटायला दुसरं वर्ष लागलं.

वाऱ्याचं वेळापत्रक

चौथीच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, तोच न्याय इथेही लागतो. फक्त समुद्राच्या जागी वाळवंट आहे. पूर्वेला नेवाडातलं ग्रेट बेसिन सकाळपासून तापत जातं, तिथली हवा हलकी होऊन वर चढते, आणि ती पोकळी भरायला सिएराच्या खिंडींमधून पश्चिमेची हवा खाली ओतली जाते. उन्हाळ्यात पहाटे पाणी आरशासारखं असतं. दहाच्या सुमारास पहिली झुळूक येते, अकरा-बारापर्यंत लाटांना पांढरे तुरे फुटू लागतात. रोज अगदी मिनिटावर नाही, पण गृहीत धरावं इतकं नेमाने.

आता कयाकच्या हिशेबाने पाहा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १० मैलांचा वारा २० वर गेला, की अंगावर येणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तुम्ही शांत पाण्यात ताशी ३ मैल वल्हवत असाल, तर १५ मैलांच्या वाऱ्यात तोंड देऊन निम्म्या वेगानेही पुढे सरकणं कठीण होतं. वल्ही मारणं थांबवून पाण्याचा घोट घ्यावा, तर तेवढ्यात आत्ताच कमावलेलं अंतर गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट दिशेची. पश्चिमेचा वारा पश्चिम काठावर भ्रामक असतो. काठाजवळ पाणी निवांत दिसतं, कारण लाट उठायला लांबवर मोकळं पाणी लागतं. पण तो वारा तुम्हाला काठापासून आत, तलावाच्या मध्याकडे ढकलत असतो. जसजसे आत जाल तसतशी लाट मोठी. पूर्व काठावर ते प्रसिद्ध दगडी खांब आहेत. ७.६ लाख वर्षांपूर्वीच्या लाँग व्हॅली ज्वालामुखीच्या स्फोटात पडलेल्या गरम राखेत पाणी झिरपून तयार झालेले, देवळातल्या मंडपासारखे ओळीत उभे. ते पाहायची ओढ सगळ्यांनाच असते. जाताना वारा पाठीशी, काय मजा! परत येताना तोच वारा तोंडावर. खांब पाहायचे तर वेगळा दिवस काढा आणि चालत जा.

आदल्या दिवशी

राष्ट्रीय हवामान सेवेचं रिनो कार्यालय मोनो काउंटीचा, म्हणजे या भागाचा अंदाज देतं. त्यातला ताशी आलेख उघडा आणि नुसता वाऱ्याचा वेग बघू नका, झोतांचा आकडा बघा. माझा नियम असा: झोत १५ मैलांवर जाणार ती वेळ शोधायची आणि त्याआधी एक तास किनाऱ्यावर असायचं. सकाळी सहापासूनच वारा दाखवत असेल तर गाडी जवळच्या हॉट क्रीक या ओढ्याकडे वळवायची आणि काठावरून मासे धरायचे. इतक्या लांब आलोय म्हणून उतरूया, हा विचार या तलावावर फार महाग पडू शकतो.

१६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचा मासेमारी परवाना लागतो. क्राउलीचा मोसम परंपरेने एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उघडतो, पण मोसमाच्या मध्यात नियम बदलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका वाचा. आपल्या बे एरियावाल्यांसाठी आणखी एक: ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपले, ही होड्यांबरोबर पसरणारी परकी जात, सापडली तेव्हापासून तिथल्या डेल्टाच्या पाण्यात फिरलेल्या होड्यांकडे सगळीकडे संशयाने पाहिलं जातं. कयाक धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवूनच न्या आणि तपासणीचे नियम काय आहेत ते फिश कॅम्पला, म्हणजे जिथून होड्या पाण्यात उतरतात त्या तळाला, आदल्या दिवशी फोन करून विचारा. आत थोडं पाणी डुचमळत असेल तर तपासनीस परत पाठवू शकतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

शेवटचं काम घरचं. बायकोला तीन गोष्टी लिहून देतो: कुठून उतरणार, कुठवर जाणार, कितीला बाहेर येणार.

“आणि साडेबाराला फोन नाही आला तर?” ती विचारते.

“एक वाजेपर्यंत थांब. मग ९११.”

“एकपर्यंत कशाला? पावणेएकला करते.”

वाद घालत नाही. तिचंच बरोबर आहे.

कपडे आणि जीवरक्षक जाकीट

कपडे हवेच्या तापमानाचे घालायचे नसतात, पाण्याच्या तापमानाचे घालायचे. जूनमध्ये वर लख्ख ऊन असतं आणि खाली वितळलेलं बर्फ येत असतं. गार पाण्यात पडल्यावरचा हिशेब एक-दहा-एक असा लक्षात ठेवतात: पहिलं एक मिनिट श्वास सावरायला, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि एक तासाच्या आसपास शुद्ध हरपते. म्हणजे पोहता येतं की नाही हा मुद्दा दहा मिनिटांनंतर उरतच नाही.

कायद्याने जाकीट कयाकवर असावं लागतं आणि १३ वर्षांखालच्या मुलांनी अंगात घालावं लागतं. तुम्ही मोठे असलात तरी घाला, आणि बकलं लावून घाला. ‘पाण्यात पडल्यावर घालीन’ हे मनसुबे पहिल्या मिनिटातच संपतात. कमरेपर्यंतचा वेडर, म्हणजे जलरोधक विजार, चालेल, पण त्यावर पट्टा करकचून बांधलेला हवा. शिट्टी गळ्यात, फोन जलरोधक पिशवीत आणि ती पिशवी जाकिटाला. कयाकवर ठेवलेला फोन कयाकबरोबर वाहून जातो.

आणि उलटलेल्या कयाकवर परत चढायचा सराव घराजवळच्या कोमट तलावात आधीच करून या. सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर बसायची) कयाक सरळ करायची, पाय मागे पाण्याच्या पातळीत आणून जोरात मारायचे, पोटावर घसरत आडवं चढायचं, मग कूस बदलून बसायचं. पहिल्यांदा करताना तीन वेळा पडाल. ते तिथेच पडून घ्या.

नांगर

क्राउलीवरची माझी सगळ्यात मोठी चूक नांगराची, म्हणून यावर जरा रेंगाळतो.

कयाकला नांगर कधीही बाजूने, म्हणजे बसायच्या जागेशेजारच्या कडीला बांधायचा नाही. दुसऱ्या वर्षी जुलैत मी नेमकं तेच केलं. ट्रॉली, म्हणजे नांगराचा दोर पुढेमागे सरकवायची सोय, बसवायची राहिली होती, म्हटलं एवढ्याने काय होतंय. साडेअकराला वारा आला, कयाक आडवी झाली, दोर ताणला गेला आणि वाऱ्याकडची बाजू खाली ओढली जाऊ लागली. प्रत्येक लाट त्याच बाजूने मांडीवर. नांगर उचलायला ओढावं तर तो पाणवनस्पतीत अडकलेला, आणि प्रत्येक ओढीला कड आणखी खाली. चाकू होता, पण मागच्या डिक्कीत, पिशवीत. शेवटी छातीवर लटकणाऱ्या निपरने, म्हणजे नेलकटरएवढ्या ज्या कात्रीने आपण फ्लायचा दोरा कापतो तिने, तो बोटाएवढा जाड दोर एकेक पीळ करून कापला. किती वेळ लागला कोण जाणे. हात मात्र संध्याकाळी चहाचा कप धरतानाही थरथरत होता.

तर आता असं करतो. कयाकच्या एका बाजूने पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोराची एक फेरी, दोन्ही टोकांना कप्पी, मध्ये एक कडी. ही ट्रॉली. नांगराचा दोर त्या कडीतून जातो, आणि बसल्या जागेवरून कडी हवी तिथे सरकवता येते. मासेमारी करताना कडी मागच्या टोकाला: वारा पाठीवर येतो, तोंड वाऱ्याच्या वाटेकडे, फेक सोपी. लाट मागून आत चढू लागली की कडी पुढे, कोकणात आम्ही जिला नाळ म्हणतो तिथे. कयाक गर्रकन फिरते आणि लाट कापू लागते. पण तशी वेळ आली म्हणजे मासेमारी संपली, निघायचं.

नांगर दीड किलोच्या आसपासचा पुरतो, पुढे दोन-तीन फूट साखळी असेल तर गाळात आडवा बसतो. दोर खोलीच्या तिप्पट तरी सोडायचा आणि लाट असेल तर पाचपट. १५ फूट पाण्याला ५० फूट हा निवांत सकाळचा हिशेब झाला. दोराच्या कयाककडच्या शेवटाला छोटा बोया बांधा आणि गाठ अशी ठेवा, की एक टोक ओढलं की सुटेल. मोठा मासा लागला किंवा लाट वाढली, तर दोर फेकून मोकळं व्हायचं, बोया नंतर उचलता येतो. आणि चाकू जाकिटावर. फक्त जाकिटावर.

चिलटांचं खाणं

पहाटे पाच-साडेपाचला फिश कॅम्पवरून उतरा आणि काठाकाठाने उत्तरेकडे मॅकगी बेकडे वल्हवा. मध्यातून आडवं कापून अंतर वाचवायचा मोह नको. लक्षात घ्या, वाऱ्यात दक्षिणेचा अंश असला तर परतीचा रस्ता तोंडावर वारा घेऊन आहे. म्हणून जायला पाऊण तास लागला, तर परतायला दीड तास धरून ठेवा.

इथल्या ट्राउटचं रोजचं जेवण म्हणजे न चावणारी चिलटं, ज्यांना मासेमार कायरोनॉमिड म्हणतात. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात राहतात. काही लालभडक असतात, कारण गाळात प्राणवायू कमी म्हणून त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. अळीचा कोष झाला की त्याच्या कातडीखाली वायू साठतो, त्यामुळे तो चंदेरी चमकतो आणि हळूहळू, डोलत डोलत वर येतो. ट्राउटला हा वर येणारा घास फार आवडतो. पळत नाही, लपत नाही, नुसतं तोंड उघडायचं.

आपली नक्कल अगदी साधी. १६ नंबरच्या गळावर काळा दोरा, त्यावर चांदीच्या तारेचे वेढे, डोक्याला मणी. तिला झेब्रा मिज म्हणतात. १४ ते १८ नंबरमध्ये काळी, लाल आणि तपकिरी, एवढ्यावर माझा डबा संपतो. बाकी सुंदर फ्लाय मी घरी कौतुकाने बघतो.

मुद्दा खोलीचा आहे. मासे बहुतेक वेळा तळापासून फूट-दीड फूट वर फिरत असतात, आणि घास दोन फूट वर असला तर मान वर करून बघतही नाहीत. खोली मोजायची युक्ती अशी. नांगर टाकून कयाक स्थिर झाली की सगळ्यात खालच्या फ्लायला गळ काढायचा फोर्सेप्स अडकवा. रॉडचं टोक पाण्याला टेकवा आणि दोरा सोडत जा. फोर्सेप्सच्या वजनाने दोरा ताठ असतो. तळ लागला की तो क्षणात ढिला पडतो, बोटाला कळतं. आता हळूच ताणा आणि दोरा जिथे पाण्याला शिवतो तिथून एक फूट खाली इंडिकेटर, म्हणजे चावा दाखवणारा छोटा तरंगता गोळा, लावा. म्हणजे फ्लाय तळापासून एक फूट वर लटकेल. फोर्सेप्स काढायला विसरू नका. मी एकदा तसाच फेकला. कानाजवळून गेला.

इंडिकेटर असा घ्या, की मासा लागल्यावर झटक्याने सुटून दोऱ्यावरून खाली घसरेल. साधा घट्ट बसणारा घेतलात तर तो रॉडच्या टोकाच्या कडीत अडकेल आणि मासा अजून १४ फूट दूर पाण्यात असेल. तुम्ही बसलेले, हात पुरत नाही, आणि मग माणूस पुढे झुकतो. कयाकमध्ये डोकं काठाबाहेर गेलं की पाठोपाठ सगळा माणूस जातो. दोन फ्लाय लावा, दीड फुटाच्या अंतराने, वरची वेगळ्या रंगाची. खाणं कुठलं चालू आहे ते मासेच सांगतील.

फेक आणि चावा

बसून फेकताना रॉड ९ ते १० फुटी, ५ किंवा ६ वेटचा (दोऱ्याच्या वजनाचा नंबर) घ्या. बसल्यामुळे आपली उंची निम्मी झालेली असते, लांब रॉड ती भरून काढतो. २५-३० फुटांची फेक पुरे. इंडिकेटर, वजन आणि दोन फ्लाय एकाच दोऱ्यावर असताना नेहमीची घट्ट, चुणचुणीत फेक केलीत तर गुंता हमखास. मागे नेताना रॉड आडवा, पाण्याला समांतर न्या आणि पुढे आणताना डोक्यावरून आणा, म्हणजे दोरा हवेत गोल फिरतो आणि एकमेकांत अडकत नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याला उजवीकडून वारा असेल तर फ्लाय कानात शिरते. अशा वेळी हात डाव्या खांद्यावर आणून उलटा फेका. कानाची गोष्ट दोनदा आली, हे मलाही दिसतंय.

मोकळा सोडलेला दोरा कयाकमध्ये नेमका पेडलला, वल्ह्याला, चाकूच्या मुठीला जाऊन अडकतो. मांडीवर आणि पायांवर ओला टॉवेल पसरा आणि दोरा त्यावर पडू द्या. ओल्या कापडावर तो निसटत नाही. दुकानात यासाठी टोपल्या मिळतात. टॉवेल बरा.

मग वाट पाहा. एकदम शांत पाण्यात इंडिकेटर नुसता तरंगत बसतो आणि फ्लाय खाली गोठून उभ्या. दर अर्ध्या मिनिटाला दोरा चार बोटं ओढा आणि सोडा. आणि इथे एक गंमत आहे: वाऱ्याची पहिली झुळूक आली, पाण्यावर बारीक सुरकुत्या पडल्या, की तेच काम पाणी करू लागतं. इंडिकेटर लाटांवर वरखाली होतो, फ्लाय खाली खऱ्या कोषासारख्या डोलतात. मासे खालून आपल्याला स्पष्ट पाहूही शकत नाहीत. दहा ते अकरा हा तास क्राउलीवर सोन्याचा असतो, आणि म्हणूनच तो सगळ्यात धोक्याचा. मासे लागत असतात, घड्याळ कोण बघणार?

चावा म्हणजे बुडी मारली असं समजू नका. इंडिकेटर लाटेबरोबर हलायचा थांबला, एका बाजूला कलला, इतरांपेक्षा अर्धा क्षण जास्त खाली राहिला, की रॉड उचला. रॉड उचलणं फुकट आहे, शंका महाग. मासा लागला की त्याला नांगराच्या दोराभोवती जाऊ देऊ नका. रॉडचं टोक पाण्यात बुडवून दोर ओलांडायला लागतो, आणि ते दर वेळी जमत नाही. जाळं लांब दांड्याचं आणि ओल्या हाताने हाताळणी. काटे नसलेला गळ असेल तर मासा पाण्याबाहेर न काढताच सुटतो. पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं असेल तर सोडलेला ट्राउटही नंतर मरू शकतो. त्या दिवशी थांबा.

वारा सुटल्यावर

ठरवलेली वेळ झाली की निघा. माझा गजर पावणेअकराचा आहे आणि तो बंद करायला दोन हात लागतील अशा खिशात ठेवतो, म्हणजे रॉड खाली ठेवावाच लागतो.

वारा ताशी आठ-दहा मैलांत रेंगाळत असेल आणि अजून वेळ असेल, तर नांगर उचलून काठाजवळ वाहत जा. पाण्यात छत्रीसारखी उघडणारी वाहती पिशवी टाकली की कयाक सावकाश आणि सरळ सरकते. रॉडला बुडणारा दोरा लावा, मागे वूली बगर नावाची काळी किंवा हिरवी फ्लाय सोडा, आणि पाणवनस्पतीच्या कडेने जा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे सॅक्रामेंटो पर्चची पिल्लं त्या कडेला थवे करून असतात आणि ब्राउन ट्राउट त्यांच्यामागे. तेव्हा चिलटं सोडून इंचभर लांबीचा फिकट स्ट्रीमर, म्हणजे पिल्लासारखी दिसणारी फ्लाय, ओढा. मात्र उन्हाळ्याच्या शेवटी पाणी हिरव्या रंगासारखं गढूळ दिसलं, तर विषारी शेवाळाची सूचना लावली आहे का पाहा आणि हात तोंडाला लावू नका.

तुऱ्यांमध्ये सापडलातच तर वल्ही आखूड आणि झपाझप मारा, टोक लाटेला थोडं तिरकं ठेवा, आणि परतीचा हट्ट सोडा. जो काठ वाऱ्याने देऊ केला आहे तिथे लागा. सेजब्रशमधून कयाक ओढत दोन मैल चालावं लागलं तरी चालेल. मी चाललोय. सोबत दशम्या आणि ठेचा होता, वाईट गेला नाही दिवस.

काठावर आलात की आधी फोन, मग चहा. नंतर कयाकचं बूच काढून पाणी निथळू द्या, दोर आणि नांगरावरची वनस्पती हाताने सोलून तिथेच टाका. गाडीवर कयाक चढवताना पुढचं आणि मागचं टोक वेगळ्या दोरांनी बंपरला बांधा, आणि पट्ट्यांना एक पीळ द्या म्हणजे ते वाऱ्यात गुणगुणत नाहीत. उत्तरेला निघालात की तोच पश्चिमेचा वारा ३९५ वर गाडीच्या डाव्या अंगावर येतो. ली व्हायनिंगला, टायोगा खिंडीकडे वळायच्या आधी, गाडी थांबवून प्रत्येक पट्टा एकदा हाताने ओढून पाहा. माझा दर वेळी एक तरी सैल झालेला असतो.